उमरेडच्या पुढचा अंधार

नागपूरहून उमरेडकडे लोक खाणीच्या कामाला जातात, मिरची घ्यायला जातात, नाहीतर लग्नाला. आम्ही दोघी बहिणी अंधार शोधत गेलो होतो. ही चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं तिथं अजून नांदती आहेत.

जाण्याचं कारण आधी सांगते. माझी थोरली बहीण सिंधूताई लहानपणापासून रातांधळी. आमचं घर विणकराचं. दिवसभर ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, चरख्यावर तिचा हात आईपेक्षाही सफाईनं चालायचा. दिवेलागण झाली की मात्र ती भिंत धरून चालायची. पौर्णिमेचा चंद्र तिला कसाबसा दिसे, चांदणी म्हणून तिनं उभ्या जन्मात एकही पाहिली नव्हती.

त्या हिवाळ्यात तिला दिवसाही कडेचं दिसेनासं झालं. ताटातली भाकर दिसे, शेजारची वाटी हाताला लागून सांडे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, की नळीतून पाहिल्यासारखं होत जाईल, नळी बारीक होत जाईल, आणि मग एक दिवस मिटेल. दोन वर्षं, फार तर चार. औषध नाही. सायकलरिक्षातून आम्ही घरी आलो. ताई पायरीवरच बसली आणि म्हणाली,

"शशे, रातचा फोटो काढला तर तो दिवसा पाहता येते ना वं?"

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. बदली होऊन गेलेल्या एका बाईंचा डबा-कॅमेरा मी घेतला होता. एक भिंग, एक बटण, आणि बाजूला एक पत्र्याची पट्टी. ती ओढली की बटण दाबून धराल तेवढा वेळ आतला पडदा उघडा राही. तेवढ्यावर चांदण्या काढता येतात असं मी शाळेतल्या एका पुस्तकात वाचलं होतं. शेजाऱ्यांच्या गच्चीवरून दोनदा प्रयत्न केला. कोपऱ्यावरचा म्युनिसिपालिटीचा दिवा, मागच्या कारखान्याचा उजेड. दोन्ही वेळा फोटो राखेसारखा आला.

ताईनं ते दोन्ही फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिले. "इथं नाही व्हाचं," ती म्हणाली. "मले माहीत आहे अंधार कुठं आहे." आणि तिनं त्या गावाचं नाव घेतलं.

आई पीठ मळत होती, तिचा हात परातीतच थांबला. सोळा वर्षांत आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

त्या गावी ताईला दिलं होतं. मी तेव्हा बारा वर्षांची. मुलगी पाहायला पाहुणे आले ते भर दुपारी बोलावले होते, आणि मला आतल्या खोलीत बसवून बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही. मी उघडलं नाही. ताई तिथं अकरा महिने नांदली. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून सगळे झोपत. तिचे यजमान, महादेवराव, वर पाहत पडत आणि तिला दाखवत, ती पाहा, तिकडं, दिसते ना? ताई म्हणे, हो, दिसते. पुढं एका रात्री गोठ्यातला कंदील विझला, ती वाट चुकून शेणाच्या खड्ड्यात पडली, आणि सगळं उघडं झालं. आठ दिवसांच्या आत सासूनं तिला गाडीत घालून उमरेडच्या स्टँडवर आणून बसवलं.

एवढं माहीत असून मी तिला घेऊन निघाले. वार्षिक परीक्षा संपल्या होत्या आणि चैत्रातली अमावास्या दोन दिवसांवर होती.

शनिवार

उमरेडला उतरलो. तिथल्या हॉटेलातला आलुबोंडा नागपूरच्यापेक्षा तिखट असतो, आणि बाकावरून बोट फिरवलं तर बोट काळं होतं, कारण कोळशाचे ट्रक समोरूनच जातात. ताईनं दोन आलुबोंडे खाल्ले, पाणी प्यायली. मी तिच्या तोंडाकडं पाहत होते.

"अशी काहून पाहून राहिली?" ती म्हणाली. "तवा मी इथं रडली नाही, तर आता रडू काय?"

पुढच्या गाडीनं फाट्यावर उतरलो. तिथून कोसभर पायी. ऊन मी म्हणत होतं. ताई माझा पदर धरून चालत होती, पण वाट ती सांगत होती. आता उतार येइन. आता डावीकडं मोह येइन. मोहाचं झाड दिसायच्या आधी त्याचा गोडसर, जडसर वास आला आणि ती थांबली. खाली फुलांचा सडा पडला होता. तिनं दोन फुलं उचलून नाकाशी धरली आणि टाकून दिली.

आम्ही उतरलो ते अनसूयाकाकूंकडं. ताईच्या सासरच्या शेजारीण. ताई रातांधळी आहे हे त्या गावात त्यांना एकट्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते कुणाला न सांगता आपल्या आणि तिच्या परसात मिळून एक लांब दोरी बांधून दिली होती, धुणं वाळवायला म्हणून. त्या दोरीला धरून ताई रात्री न्हाणीपर्यंत जाऊन यायची.

काकू दारात तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी ताईचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"सिंधू? खरंच तू काय वं माय?"

"मीच हाव, काकू. ही शशी, माही लहानी."

"अन् डोये?" त्यांचा अंगठा तिच्या पापणीवरून फिरला.

"चालले," ताई म्हणाली, जसं कुणी गाडी चालली असं सांगावं.

काकूंनी संध्याकाळी मुंगवड्यांची भाजी केली, ज्वारीची भाकर आणि कैरीचा ठेचा. आमच्याकडं मुंगवड्या पातळ रश्शात करतात, इथं त्या आधी तेलात चांगल्या लाल होईपर्यंत परततात. ताईनं सोळा वर्षांनी त्यांचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, "सोया वर्सानं." काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि तिच्या ताटात आणखी वाढलं. आमच्याकडं अंधार पडला की दिवा लावून बायका दार लोटून घेतात. इथं उलट. अंधार पडला की बाजा, गोधड्या, पाण्याचे तांबे सगळं अंगणात येतं आणि घरं रिकामी होतात.

नऊच्या सुमाराला मी एक घमेलं उपडं घालून त्यावर कॅमेरा ठेवला. डोक्यावर इतक्या चांदण्या होत्या की मला माझ्या शाळेतल्या नकाशातलं काही सापडेना. नागपुरात मी मुलांना सप्तर्षी दाखवायची तेव्हा ते एकटेच असायचे. इथं ते गर्दीत हरवले होते. मोठ्या कष्टानं ते शोधले, बटण दाबलं, मनात आकडे मोजायला लागले. शंभरापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात कुंपणापलीकडून बॅटरीचा झोत सरळ भिंगावर आला.

"कोन हाय? काय करून राहिले बे तिथं?"

पाटलांकडं लग्न होतं, तिकडून परतणारी माणसं होती. एक फोटो गेला. दुसरा लावला तर दुसरी टोळी आली. तिसऱ्या-चौथ्याच्या वेळी लग्नघरच्या गॅसबत्त्या घेऊन वरातच निघाली. बारा फोटोंच्या रोळातले चार त्या रात्री वाया गेले.

रविवार

सकाळी उठलो तर अंगणात पाच-सहा पुरुष उकिडवे बसलेले. एक म्हातारे गृहस्थ पुढं झाले.

"बाई, खरं सांगा. खान इकडं वाढून राहिली म्हनते. तुमी वावराचे फोटो काढाले आल्या काय?"

मी हसून नाही म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू आलं नाही. खाणीच्या अलीकडच्या दोन गावांत असेच कुणीतरी तिकाटणं लावून फोटो काढून गेले होते आणि वर्षभरात जमिनीच्या नोटिसा आल्या होत्या. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. तो हातोहात फिरला. चांदण्यांचे काढतो म्हटल्यावर त्यांना ते अजिबात पटलं नाही.

"चांदन्याचे कायले काढा लागते? त्या कुठं जाते?" एकानं विचारलं.

कॅमेरा शेवटच्या माणसाच्या हातात गेला. तो बसलेला नव्हता, कडुनिंबाला टेकून उभा होता. पंचेचाळिशीचा, उंच, कानशिलावर पिकलेला. त्यानं कॅमेरा उलटसुलट पाहिला, माझ्याजवळ आणून दिला आणि लोकांना म्हणाला, "जा गा घरी. यायचं वावराशी काई काम नाही. मी ओयखतो यायले."

ताई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तो आवाज ऐकला आणि तिच्या हातातले तांदूळ सुपात सांडले. तिनं मान वर केली नाही, पदर सारखा केला. त्यावरून मला कळलं, हे महादेवराव.

अंगण रिकामं झालं. ते तिथंच उभे, ती तिथंच बसलेली. मधे दहा-बारा हात जमीन. अनसूयाकाकू आत निघून गेल्या. मीही जावं की काय मला कळेना.

"काहून आली?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

"चांदन्या पाहाले."

"आता दिसते?"

"नाही. आता तर दिवसाचंही चाललं. फोटोत काढून दिवसा दाखवतो म्हनते शशी."

ते बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग माझ्याकडं वळून बोलले. "इथं नाही येत, बाई. लग्नाच्या बत्त्या आज रातीही जयतीन. माह्या वावरात चाला. तिथं कोनी येत नाही. मी घरी सांगून येतो."

मी ताईकडं पाहिलं. ती म्हणाली, "जाऊ."

संध्याकाळी त्यांनी गाडी जुंपून आणली. काकूही बरोबर बसल्या. महादेवरावांनी एक झाकण लावलेली बरणी माझ्या हातात दिली. "घरचीनं पन्हं धाडलं." घरची म्हणजे दुसरी बायको. शेतावर पोचल्यावर ताई ते पेलाभर प्यायली आणि म्हणाली, "तिले सांगजा, गूळ बराबर पडला." ते हूं म्हणाले.

हरभऱ्याचं खळं उठून महिना झाला होता, जमीन सारवलेली, स्वच्छ होती. मी मोठ्या दगडावर भुशाचं पोतं ठेवलं, भुशाला तिकडं कुटार म्हणतात. कॅमेरा त्या पोत्यात दाबून बसवला, तोंड उत्तरेला वर. पहिले सात फोटो मी एकटीनंच काढले, थोडा-थोडा वेळ धरून. अंधार पूर्ण झाला होता. माझा स्वतःचा हात मला दिसत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला ताईसारखं वाटलं. फरक एवढाच, की मी मान वर केली की सगळं होतं.

मग मी ठरवलं, आता मोठा घ्यायचा. सहाशेपर्यंत मोजायचं. बटण दाबलं, भिंगावरचा पुठ्ठा काढला आणि दगडासारखी उभी राहिले. हलले असते तर सगळं हललं असतं. माझी पाठ त्या तिघांकडं होती. पुढचं सगळं मी फक्त ऐकलं.

काकूंची चाहूल दूर गेली. बैलांकडं गेल्या असाव्यात.

"तुमी मले कोनती दाखवत होते?" ताईनं विचारलं.

"बाज," महादेवराव म्हणाले. "म्हातारीची बाज. चार पाय, अन् मांगं तीन चोर. बाजीचा पाय चोरून न्याले येते."

म्हणजे मी जे काढत होते तेच. माझे सप्तर्षी त्यांची बाज होती.

"कुठं हाय?"

"तोंड थोडं डावीकडं कर."

लुगड्याची सळसळ झाली.

"अजून. आता वर. अजून वर. बस." ते थांबले. "आता तुह्या समोर हाय."

मी दोनशे चाळीस मोजलं होतं. बटणावरचं बोट बधिर होत चाललं होतं.

"दिसते ना?" त्यांनी विचारलं. विचारून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं.

"नाही," ताई म्हणाली. "नाही दिसत."

बैलाच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली. खूप लांबवर, खाणीच्या बाजूला, काहीतरी धडधडत होतं आणि ते थांबलं.

"तवाच सांगतलं असतं तर," ते हळू म्हणाले.

"सांगतलं असतं तर ठेवलं असतं काय?"

मी मोजत राहिले. तीनशे. तीनशे वीस. ते काही बोलेनात. मला वाटलं आता ते म्हणतील, माय होती तवा, माह्या हातात काय होतं. माणसं असंच म्हणतात. चारशेच्या जरा अलीकडं ते बोलले.

"नाही. नसतं ठेवलं."

"हं," ताई म्हणाली. त्या एका अक्षरात मला तिचं सोळा वर्षांचं ओझं खाली ठेवल्यासारखं वाटलं. कदाचित ते माझंच असेल, आतल्या खोलीत गप्प बसलेल्या मुलीचं. सहाशे झाले तरी मी बटण सोडलं नाही. ते दोघं पुन्हा बोलतील असं वाटत होतं. सातशेला बोट आपोआप सुटलं.

येताना गाडीत ताई मागं तोंड करून बसली होती. झोपली असेल म्हणून मी हात लावला तर जागी होती. तिचं तोंड अजून वरच होतं.

सोमवार, आणि नंतर

निघताना काकूंनी पिशवीत मुंगवड्या आणि वाळल्या मिरच्या भरल्या. महादेवराव आले नाहीत. फाट्यापर्यंत सोडायला त्यांचा गडी गाडी घेऊन आला, तेवढंच.

नागपुरात फोटोवाल्यानं रोळ धुवायला आठ दिवस लावले. बारा फोटोंपैकी चारांवर उजेडाचे नुसते डाग, सात नुसते काळे. "बाई, झाकण उघडायचं विसरलात काय?" त्यानं विचारलं. बाराव्यात काहीतरी होतं, पण ते त्याला ओरखडे वाटले म्हणून तो छापणारच नव्हता. मी त्याला तोच मोठा करून छापायला लावला.

काळ्या कागदावर सहा बारीक पांढऱ्या रेघा आल्या होत्या. आम्ही पृथ्वीबरोबर फिरत होतो म्हणून चांदण्यांचे ठिपके न येता रेघा आल्या, हे मला शिकवता येतं. सातवी आलीच नव्हती. सप्तर्षींमधली ती चांदणी मंद असते, माझ्या डब्यातल्या भिंगाला ती झेपली नाही. खालच्या कोपऱ्यात पोत्याचा एक धागा आला होता, तोही मला आधी चांदणीच वाटला.

मी तो फोटो ताईला भर बाराच्या उन्हात, अंगणात दिला. तिची नजर आता रुपयाच्या नाण्याएवढी उरली होती, एका वेळी तेवढंच दिसे. ती फोटो सरकवत सरकवत एक-एक रेघ शोधत होती. पहिली सापडली तेव्हा ती कागद डोळ्यांपासून दूर नेऊन पुन्हा जवळ आणत राहिली.

"हे?" ती म्हणाली. "एवढंसंच?"

मी मान डोलावली.

"मले वाटे मोठ्या असतीन. निदान पणतीवानी." ती हसली, आणि मग हसू गेलं. "एवढ्या बारक्या गोष्टीसाठी मी अकरा महिने हो म्हनत होती वं, शशे."

मी तिला सांगितलं की खऱ्या चांदण्या अशा नसतात, त्या चमकतात, हजारो असतात, फोटोत सहाच आल्या. तिनं ऐकून घेतलं. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. बाजीचा एक पाय नाही म्हटल्यावर म्हणाली, चोरानं नेलाच म्हनजे. मी पांढऱ्या रंगाची बाटली आणून सातवीच्या जागी ठिपका द्यायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

"नको. नाही आली तर नाही आली."

ऊन सरकेपर्यंत ती तिथंच होती. जेवायला उठली नाही. आईनं दोनदा हाक मारली. सावली फोटोवर आली तशी ती सावलीबरोबर सरकली, पुन्हा उन्हात जाऊन बसली.

"ते रोज रातीले तिकडं पाहत," ती एकदम म्हणाली. "किती वेळ पाहत. मी बाजूले पडून राहो, अन् मले वाटे, माह्याकडं नाही पाहत अन् तिकडं पाहते, असं काय असन तिथं? चांदन्या मले पाहाच्याच नव्हत्या वं. ते काय पाहत होते ते पाहाचं होतं."

तिचं दिवसाचं दिसणं पुढं अडीच वर्षं टिकलं. पण हे त्या दिवशीचं. ऊन उतरल्यावर मी फोटो पुसून लिफाफ्यात घातला आणि विचारलं, "आणखी एक छापून आणू काय? महादेवरावांना पाठवू?"

तिनं लिफाफा माझ्या हातातून घेतला, आपल्या मांडीवर ठेवला.

"नको. त्याइले कायले? त्याइच्या तं रोजच्या हायेत."